अंगणी एक आपटा असावा

(द्वितीय वर्ष, कला)

घरापुढे शोभेसाठी एखादे लहानसे झाड असावे असे वाटणे ही काही चैन नव्हे. ज्याला चार भिंती उभ्या करता आल्या, त्याला त्या भिंतींपुढे काहीतरी हिरवे असावे असे वाटतेच. आमच्या माण तालुक्यात अलीकडे नवी घरे पुष्कळ झाली. कुणी घरकुल योजनेतून बांधले, कुणी मुंबईची माथाडीची कमाई गावाकडे आणून बांधले, तर कुणी गलाईच्या धंद्यात परमुलखात सोने गाळून चार पैसे गाठीला मारले आणि मग बांधले. घर उभे राहिले, रंग दिला, वास्तुशांत झाली, की पुढे पंधरा-वीस फुटांचे अंगण उरते. मग प्रश्न येतो, इथे लावायचे काय?

या प्रश्नाचे उत्तर आपण बहुधा रोपवाटिकेवाल्यावर सोपवतो. “एखादं शोचं झाड द्या,” असे म्हणतो आणि तो देईल ते घेऊन येतो. तो देतो पाम, नाहीतर फायकस, नाहीतर कोनोकार्पस. हे कोनोकार्पस महाशय आमच्याकडे प्रथम रस्त्यांच्या दुभाजकांत दिसले, तेथून बंगल्यांच्या कुंपणाशी गेले आणि आता साध्या घरांच्या दारातही येऊन उभे राहिले आहेत. पर्यावरणाला आणि माणसांच्या आरोग्यालाही ते बाधक आहेत, असे सांगून शेजारच्या गुजरात राज्याने २०२३ साली त्यांच्या लागवडीवर बंदी घातली. आपण मात्र पदरचे पैसे मोजून त्यांना सन्मानाने घरी आणतो आहोत.

वाचकहो, मला या लेखात एकच गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. आपल्या महाराष्ट्रातील लहान अंगणाला शोभून दिसणारे, थोड्या पाण्यावर भागणारे आणि आपल्या मनात अगोदरच घर करून बसलेले एक झाड आहे. ते म्हणजे आपटा. आपण त्याला वर्षातून एकदाच ओळखतो आणि तेही लुटण्यापुरते. हा अन्याय आता थांबला पाहिजे.

‘आपटा आणि शोभेचे झाड?’ असे कुणी विचारील. फूल नजरेत भरत नाही, फळ खाता येत नाही, खोड वाकडेतिकडे. यात शोभा ती कसली? शोभा म्हणजे भडक फुले असाच आपला समज झाला आहे. तो दूर करण्यासाठी क्षणभर जपानकडे पाहावे लागेल.

वसतिगृहातील माझ्या एका मैत्रिणीच्या कपाटावर जपानी बागेचे एक रंगीत चित्र चिकटवलेले आहे. त्यात एका लहानशा घराच्या दारात तांबड्यालाल पानांचे एक ठेंगणे झाड आहे. ते मेपल. जपानी लोक त्याला मोमिजी म्हणतात. त्याची फुले इतकी बारीक असतात की मुद्दाम पाहिल्याशिवाय दिसत नाहीत, आणि त्याचे फळ कुणी खात नाही. त्याची सगळी कीर्ती पानांवर उभी आहे. हाताच्या पंजासारखी कातरलेली ती पाने शरद ऋतूत लाल होतात आणि ती पाहायला माणसे डोंगरांवर, देवळांच्या बागांत जातात. या पाने पाहत हिंडण्याला त्यांच्या भाषेत स्वतंत्र शब्दच आहे, ‘मोमिजिगारी’. झाड सावकाश वाढते, फार उंच होत नाही, म्हणून लहान अंगणात ते शोभते. पानाची शोभा ओळखणारी ही नजर मला फार मोलाची वाटते.

पण नजर घ्यावी, झाड घेऊ नये. हल्ली मोबाइलवरून मेपलचे बीसुद्धा मागवता येते आणि हौशी मंडळी ते मागवतातही. मेपलला थंडीची खरीखुरी झोप लागते. हिवाळ्यात काही आठवडे कडाक्याची थंडी मिळाली तरच वसंतात ते नीट फुटते. त्याला ओलसर, भुसभुशीत, किंचित आम्ल माती लागते. कोरडा तापलेला वारा लागला की त्याच्या पानांच्या कडा करपतात. आमचा तालुका पर्जन्यछायेत येतो. एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, विहिरी तळ गाठतात आणि माती म्हणजे बोटभर मुरूम. तिथे त्या बिचाऱ्या मेपलला आणून उभे करणे म्हणजे परक्या लेकराला उन्हात ताटकळत ठेवण्यासारखे आहे. जपानी माणसाने त्याच्या डोंगरातले झाड दारात आणले. आपणही आपल्या डोंगरातले आणावे, एवढाच याचा अर्थ.

आता आपट्याचे पान हातात घेऊन पाहा. दसऱ्याला घेतो तसे घाईघाईने घेऊन खिशात कोंबू नका, नीट पाहा. एकाच देठावर जणू दोन पाने कडेने जोडलेली आहेत. मध्ये खाच, दोन बाजूंना दोन गोल पाळ्या. देठाशी हृदयाचा आकार आणि तेथून पसरत गेलेल्या शिरा. पान लांबीपेक्षा रुंदीला थोडे जास्तच. हाताला जाडसर लागते. वरून गडद हिरवे, खालून फिकट करडे. अशी शेकडो पाने खाली झुकलेल्या बारीक फांद्यांवर दोन्ही बाजूंनी ओळीने लागलेली असतात. सूर्य कलला की ही पाने उजेडात अशी काही दिसतात, की कुणी जाळीदार पडदा सोडला आहे असे वाटावे. कातरलेल्या पानांसाठी जपानी माणूस डोंगर चढतो. आपल्याकडे हे जोडपान बांधावर उभे आहे आणि त्याच्याकडे मान वर करून पाहायला आपल्याला सवड नाही.

वनस्पतिशास्त्रात या झाडाला ‘बाउहिनिया रेसिमोसा’ म्हणतात. त्या नावाची हकिकत मला फार आवडली. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपात योहान आणि गास्पार बाउहिन नावाचे दोन भाऊ होऊन गेले. दोघेही मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांच्या सन्मानार्थ या वर्गाला हे नाव दिले गेले आणि हे जुळे पान त्या दोघा भावांची आठवण देते, असे लिनीअसने म्हटले. योगायोग कसा पाहा. तिकडे विद्वानांना या पानात दोन भाऊ दिसले आणि इकडे आपण वर्षभराचे रुसवेफुगवे विसरून भावाभावांनी एकमेकांच्या हातात द्यायला हेच पान निवडले. दोघांनी एकमेकांना विचारले नव्हते. पानच तसे आहे.

आपट्याचे झाड लहान असते, हा अंगणाच्या दृष्टीने त्याचा सर्वांत मोठा गुण. पुष्कळदा ते दहा-पंधरा फुटांवरच थबकते. वडा-पिंपळाप्रमाणे भिंतीच्या फटीत मुळे घालणारे हे झाड नव्हे. उन्हाळ्याच्या तोंडाशी पाने गळतात, तेव्हा त्याच्या वाकड्या खोडाची आणि काळपट खरबरीत सालीची नक्षी उघडी पडते. मग उन्हातच नवी पालवी येते आणि फांद्यांच्या टोकांना पांढुरक्या-पिवळसर बारीक फुलांचे तुरे लागतात. पुढे लांब, चपट्या शेंगा धरतात आणि वाळून काळपट झाल्यावरही कितीतरी दिवस झाडावर लोंबत राहतात. पावसाळ्यात झाड गर्द होते. म्हणजे बाराही महिने त्याच्याकडे पाहण्यासारखे काही ना काही असते. शिवाय त्याच्या सालीचे वाख निघतात, ज्यांचे पूर्वी दोर वळत. काही भागांत पानांच्या विड्या वळतात. शेळ्यांना तर त्याचा पाला फारच प्रिय. त्याचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांसाठी हे सांगितले.

परंतु हे झाड विद्यार्थ्यांनी लावावे, असे मी म्हणते, त्याला आणखी एक कारण आहे. ते कारण म्हणजे कौत्साची कथा.

कथा सर्वांना ठाऊक आहे. वरतंतू ऋषींकडे कौत्स शिकला. चौदा विद्या शिकून झाल्यावर त्याने गुरुदक्षिणा विचारली. गुरू म्हणाले, “तू केलेली सेवा हीच दक्षिणा.” कौत्साने हट्ट धरला. मग गुरू रागावले आणि एकेका विद्येचे एक कोटी, अशा चौदा कोटी सुवर्णमुद्रा आणायला सांगितल्या. कौत्स रघुराजाकडे गेला. रघूने विश्वजित यज्ञात सर्वस्व दान केलेले होते. त्याने पाहुण्याचे स्वागत केले तेही मातीच्या भांड्याने. तरी याचकाला विन्मुख पाठवायचे नाही म्हणून त्याने कुबेरावर स्वारीची तयारी केली आणि त्याच रात्री सोन्याचा वर्षाव झाला.

कालिदासाच्या ‘रघुवंशा’च्या पाचव्या सर्गात ही कथा आहे. मात्र तेथे आपट्याचे झाड नाही. तेथे सोने राजाच्या कोशगृहात पडते. ते कोशगृहातून उचलून गावाबाहेरच्या आपट्यावर कुणी आणले? आपल्या लोकांनी आणले. राजाच्या तिजोरीत पडलेले सोने आपल्या कामाचे नाही, ते बांधावरच्या झाडावर पडले पाहिजे, म्हणजे गोरगरिबालाही त्यातले घेता येईल, असे कुणा शहाण्या माणसाला वाटले असणार. मला ही कल्पना फार सुंदर वाटते. पोथीतील कथेला आमच्यासारख्यांच्या शिवारात आणून सोडणारा तो अनाम माणूस कुणी मोठाच कवी असला पाहिजे.

या कथेतील दोन गोष्टींकडे आपले लक्ष जात नाही. पहिली गोष्ट अशी, की कथेचा नायक एक गरीब विद्यार्थी आहे. दसरा म्हटला की आपल्याला राम आठवतो, पांडवांची शस्त्रे आठवतात, सीमोल्लंघन आठवते. पण आपण जे पान हातात देतो ते शिकून झालेल्या, खिशात दमडी नसलेल्या आणि तरी ऋण फेडू पाहणाऱ्या एका पोराच्या आठवणीचे आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. आई तिसरीपर्यंत शिकली, वडील सातवीपर्यंत. माझ्या शिक्षणाची दक्षिणा कुणाला आणि कशी द्यायची, हा प्रश्न मला नेहमी पडतो. तो या वर्गात बसणाऱ्या माझ्यासारख्या कितीतरी जणांना पडत असेल. म्हणून कौत्स मला आपला वाटतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. रघू म्हणत होता, सगळे सोने तुझे, सगळे घेऊन जा. कौत्स म्हणत होता, मला चौदा कोटीच पाहिजेत, त्याहून एक मुद्राही अधिक नको. मागितले त्याहून अधिक देऊ पाहणारा राजा आणि लागते त्याहून अधिक न घेणारा विद्यार्थी, या दोघांचेही अयोध्येच्या लोकांना कौतुक वाटले, असे कालिदास सांगतो. म्हणजे ही कथा लुटीची नाहीच. ती बेताने घेण्याची कथा आहे. आणि तिचे नाव घेऊन आपण करतो काय?

दसऱ्याच्या आधी आठवडाभर आमच्या शिवारात टेंपो फिरू लागतात. डोंगराच्या उतरणीला आणि बांधाला जे आपटे उरले आहेत, त्यांच्या फांद्या कोयत्याने उतरवल्या जातात. पाने खुडायला वेळ लागतो, फांदी तोडायला लागत नाही. म्हणून फांद्याच्या फांद्या जातात. सावकाश वाढणाऱ्या झाडाची चार-पाच वर्षांची वाढ एका सकाळी खाली येते. पुढल्या वर्षी ते झाड पुन्हा कसेबसे फुटते, पुन्हा कोयता येतो. अशी झाडे खुजी होतात, फुलायची थांबतात, आणि फुलली नाहीत म्हणजे शेंग नाही, शेंग नाही म्हणजे नवे रोप नाही. शहरात आपटा पुरला नाही की कांचनावर हात पडतो. कांचनाचे पान मोठे आणि पातळ असते, पण तेही जुळे असते. बाजारात कोण पारखून घेतो? ‘सोने’ म्हणून तेही खपते. दुसऱ्या दिवशी सकाळी हे सगळे सोने कचऱ्याच्या गाडीत असते. एकाने दिलेले पान आपण दुसऱ्याला देतो, दुसऱ्याने दिलेले तिसऱ्याला, आणि शेवटी सगळ्यांचे मिळून केरात टाकतो.

नागरी भागातील झाडांच्या रक्षणासाठी महाराष्ट्रात १९७५ साली कायदा झाला. त्यामुळे शहरात झाडावर कुऱ्हाड चालवण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. पण शहराच्या दसऱ्याचा आपटा शहरात वाढत नाही. तो दूरच्या माळावरून येतो आणि तेथे पाहणारे कुणी नसते.

येथे एक प्रश्न मला स्वतःलाच अडवतो आणि तो टाळून पुढे जाणे मला बरे वाटत नाही. माझी थोरली चुलती दसऱ्याच्या आदल्या दिवशी तालुक्याच्या बाजारात आपट्याची पाने आणि झेंडू विकायला बसते. सणासुदीचे तेवढेच चार पैसे तिच्या हाती येतात. घरोघरी आपटा लागला तर तिची पाने कोण घेणार? शिकलेल्या पोरींनी मासिकात लिहायचे आणि अडाणी बाईच्या पोटावर पाय द्यायचा, असे तर होणार नाही ना? मी हे तिलाच विचारले. ती म्हणाली, “आगं, म्या पानं खुडती, फांदी न्हाय मोडत. आमच्या बांधावरचा आपटा तुझ्या आज्याच्या वक्ताचा हाय. टेंपोवाल्यानं वरलं डोंगर पार बोडकं केलं, तवा माजं गिऱ्हाईक त्यानंच खाल्लं.” मग थोडा वेळ थांबून म्हणाली, “रोपं करून इकली तरी लोक घेत्याल का?”

लोक घेतील का, हे आपल्यावर अवलंबून आहे. चुलतीच्या बोलण्यात मला दोन गोष्टी दिसल्या. पहिली ही, की झाडाचा शत्रू पाने विकणारी बाई नाही. ती झाड राखून आहे, कारण पुढच्या वर्षीही तिला त्याच्याकडेच यायचे आहे. दुसरी ही, की जूनमध्ये विकलेले एक रोप तिला पानांच्या जुडीहून अधिक मिळवून देईल. शेंगा तिच्या बांधावर आहेत, पाणी तिच्या हंड्यात आहे, कसब तिच्या हातात आहे. कमी आहे ती गिऱ्हाइकाची.

आता घरातल्या आक्षेपांकडे वळते. पहिला आक्षेप माझ्या आईचा. ती म्हणते, दारात लावायचेच तर शेवगा लाव, लिंबू लाव, कडीपत्ता लाव. पोटाला तरी होईल. आईचे म्हणणे मी कधी मोडत नाही, पण येथे मला तिला तिच्याच अंगणाची आठवण द्यावीशी वाटते. पहाटे उठून ती सडा घालते आणि चार ठिपक्यांची का होईना रांगोळी काढते. दिवाळीला चुन्याने उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना बोटे ओढते. ज्या वर्षी घरात गोडाला गूळ नव्हता, त्या वर्षीही तिने रांगोळी चुकवली नाही. रांगोळीने कुणाचे पोट भरते? शोभा ही बंगलेवाल्यांची मिरासदारी आहे असे आपणच मानून घेतले आहे. गरिबाच्या घराला शोभेची हौस नेहमीच होती, फक्त तिला पैसे पडत नसत. आपटाही तसाच आहे. शेवगा जरूर लावावा, तो परसात लावावा. अंगणात डोळ्यांसाठी काहीतरी असू द्यावे.

दुसरा आक्षेप पालापाचोळ्याचा. ‘झाड नको, रोज कोण झाडणार?’ असे म्हणून कितीतरी अंगणांत फरशी आणि सिमेंट घातले गेले. हा आक्षेप घेणारे बहुधा पुरुष असतात आणि झाडणारी कुणी दुसरीच असते. आमच्या घरात झाडणारी मी आहे. म्हणून अधिकाराने सांगते, की आपट्याची पाने लहान असतात, चार खराट्यांत गोळा होतात. ती बुंध्याशीच पसरून टाकली तर ओल टिकते आणि खतही होते. उलट सिमेंटच्या अंगणात उन्हाळ्याच्या दुपारी पाय ठेवून पाहावा, म्हणजे झाडाची किंमत कळते.

तिसरा आक्षेप पाण्याचा, आणि आमच्या तालुक्यात तो सर्वांत खरा. ज्या गावांनी टँकरच्या रांगा पाहिल्या, तेथे शोभेच्या झाडाला पाणी घालणे हे पाप वाटते. पण आपटा हा माळावरचा गडी आहे. पहिले दोन उन्हाळे त्याला सांभाळावे लागते. धुण्याभांड्याचे साधे पाणी, फार साबण नसलेले, आठवड्यातून दोन वेळा मिळाले तरी भागते. एकदा मुळे खोल गेली की तो आपले आपण पाहून घेतो. पामच्या कुंडीला जन्मभर पाणी घालणाऱ्याने आपट्याच्या पाण्याचा हिशेब मागू नये.

लावण्याची रीत अगदी सोपी आहे. हिवाळ्याच्या अखेरीस वाळलेल्या शेंगा गोळा कराव्यात. दगडाने हलके ठेचून बिया काढाव्यात. बियांचे कवच कठीण असते, म्हणून त्यांवर गरम पाणी ओतून ते निवेपर्यंत आणि पुढे रात्रभर त्या त्यातच भिजू द्याव्यात. सकाळी दुधाच्या रिकाम्या पिशवीत माती आणि शेणखत भरून, पिशवीला तळाशी भोके पाडून, बोटाच्या पेराइतक्या खोल पेराव्यात. पिशव्या विरळ सावलीत ठेवाव्यात. पहिले एक-दोन पाऊस झाले की घराच्या भिंतीपासून आठ-दहा फूट सोडून, दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्ड्यात रोप लावावे. भरपूर ऊन पडेल अशी जागा निवडावी. भोवती बाभळीच्या किंवा बोरीच्या काट्यांचे कुंपण करावे, नाहीतर शेळी दसऱ्याची वाट पाहत नाही. पहिली तीन-चार वर्षे त्याचे एकही पान तोडू नये. पुढे पानगळ झाल्यावर खालच्या एक-दोन फांद्या काढाव्यात, म्हणजे वरचा भाग छत्रीसारखा डवरतो. त्याचे खोड सरळ करण्याच्या भानगडीत पडू नये. त्याचा वाकडेपणा हीच त्याची शोभा आहे.

ज्यांना अंगणच नाही, त्यांनी काय करावे? शहरात सदनिकेत राहणाऱ्या मैत्रिणींना माझे सांगणे आहे, की इमारतीच्या आवारात सगळ्यांत मिळून एक आपटा लावा. एका मोठ्या झाडाच्या पानांत साऱ्या इमारतीचा दसरा होईल. प्रत्येकाने प्रत्येकाला पान दिलेच पाहिजे असा नियम कुठे आहे? घरातील वडीलधाऱ्यांच्या हाती एकेक पान ठेवावे, बाकीच्यांना नुसता नमस्कार पुरे. आपल्या जुन्या विधींतही अशा सोयी आहेत. शमी मिळाली नाही तर अश्मंतक, म्हणजे आपटाच, पुजावा असे सांगितलेले आहे. एका झाडाच्या जागी दुसरे चालते, तर पन्नास पानांच्या जागी एक का चालू नये?

शेवटी महाविद्यालयासाठी एक सूचना करते. आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजना आहे. तिच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, पथनाट्ये करतो. वृक्षारोपणाच्या दिवशी कुठूनतरी आणलेली रोपे लावतो आणि छायाचित्र काढून घरी जातो. त्याऐवजी यंदा फेब्रुवारीत शेंगा गोळा कराव्यात. त्या ज्यांच्या बांधावर आहेत त्यांना योग्य मोबदला द्यावा. मार्चमध्ये ग्रंथालयामागच्या मोकळ्या जागेत पाचशे पिशव्या भराव्यात. जूनमध्ये जो विद्यार्थी प्रथम वर्षाला प्रवेश घेईल, त्याच्या हाती प्रवेशपावतीबरोबर एक रोप द्यावे. तीन वर्षांनी तो पदवी घेऊन बाहेर पडेल तेव्हा ते रोप कदाचित त्याच्या खांद्याएवढे झालेले असेल. किती रोपे जगली याची नोंद विभागाच्या फळ्यावर लिहावी, म्हणजे लाजेने तरी पाणी घातले जाईल. आणि ज्या गावांतून आम्ही येतो तेथील बायकांनी रोपे केली तर ती महाविद्यालयाने विकत घ्यावीत. माझ्या चुलतीच्या प्रश्नाला एवढे तरी उत्तर आपण देऊ शकतो.

गुरुजनहो, आपण आमच्याकडे दक्षिणा मागत नाही, हे आम्हांला माहीत आहे. वरतंतूंनीही सुरुवातीला मागितली नव्हती. पण आम्हीच हट्टाने देऊ म्हटले, तर चौदा कोटी आमच्यापाशी नाहीत. आमच्या दारात पाच पावले जागा आहे, दोन उन्हाळ्यांपुरते सांडपाणी आहे आणि दुधाच्या पिशव्या तर घरोघरी आहेत. येत्या दसऱ्याला सोने बाजारातून आणू नये आणि त्याच्या पुढच्या पावसाळ्यात ते दारात लावावे, एवढीच माझी विनंती आहे.